अडीच वाजताचा चहा

रात्री अडीच वाजता आमच्या स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो, ही गोष्ट इमारतीच्या रखवालदाराखेरीज फारशी कोणाला ठाऊक नसावी. मी एका अमेरिकी कंपनीच्या हिशेबाचे काम घरून करते आणि माझा दिवस रात्री दीड-दोनच्या सुमारास संपतो. माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या वडिलांचा दिवस त्यानंतर थोड्याच वेळात सुरू होत असे. आधी आले ठेचल्याचा आवाज यायचा, मग माझ्या खोलीच्या दाराशी हलकी हाक, "जागीच आहेस ना? अर्धा कप टाकू?" मी निजायला निघालेली आणि बाबा उठलेले, असे आम्ही दोघे ओट्याशी उभे राहून चहा पीत असू. आई गेल्यानंतर बापलेकींना मिळालेला तेवढाच निवांत वेळ, असे समजून मी तो कितीतरी महिने जपला आणि त्यात काही वावगे आहे अशी शंकाही मला आली नाही.

"रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही," हे बाबांचे पालुपद होते आणि "वय झाले की झोप कमीच होते," हे माझे ठरलेले उत्तर. दरम्यान शेजारच्या एका काकांनी स्वतःच्या पाकिटातल्या झोपेच्या चार गोळ्या मोठ्या आपुलकीने काढून दिल्या. दुसऱ्याच रात्री बाबा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी तोल जाऊन पडले. हाड मोडले नाही, एवढेच नशीब. पण आम्ही डॉक्टरांकडे गेलो ते पडण्यापेक्षा दुसऱ्याच कारणाने. बाबांनी वर्तमानपत्र उघडणे सोडले होते, क्रिकेटवरून वाद घालणे सोडले होते आणि संध्याकाळी मी दिवा लावायला गेले की ते अंधारातच खुर्चीत बसलेले दिसत. विचारले तर म्हणत, "सकाळी सगळ्यात वाईट वाटते. दिवस ढकलायचा कसा, असे होते."

डॉक्टरांनी स्मरणशक्तीची चाचणी घेतली, ती ठीक निघाली, रक्त तपासले, गोळ्या बंद केल्या आणि म्हणाले, "दोन आठवडे फक्त लिहा. उपाय नंतर बघू." बाबांनी चौतीस वर्षे कारखान्यात पाळ्या केल्या आहेत, आठवड्याला पाळी बदलणारी नोकरी, त्यामुळे नोंदवही हा प्रकार त्यांच्या हाडीमाशी मुरलेला. त्यांनी शंभर पानी वही आणवली, स्टीलच्या पट्टीने रकाने आखले आणि प्रत्येक दिवसाचा झोपेचा हिशेब एखाद्या यंत्राचा असावा तसा लिहिला. त्यातले एक पान माझ्यापुढे आहे. 'रात्री ८.१५ आडवा. ८.३० झोप. २.१० जाग, नंतर नाही. ९.३० ते १०.१५ खुर्चीत डुलकी. १.१५ ते २.४५ दुपारची. ७.०० ते ७.२० टीव्हीसमोर.' मी हिशेबनीस असल्याने माझा हात आपसूक बेरजेकडे गेला आणि बेरीज सव्वाआठ तास आली. ज्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, तो चोवीस तासांत माझ्यापेक्षा दोन तास जास्त झोपत होता. झोप कमी नव्हती. ती जागच्या जागी नव्हती.

ती 'जागा' कोण ठरवते, हे समजून घेण्यात माझे पुढचे काही महिने गेले. १७२९ मध्ये फ्रान्समधल्या झां-झाक दॉर्तू द मेराँ या शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोपटे अंधाऱ्या जागी ठेवले आणि पाहिले की सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडतात आणि रात्री मिटतात. म्हणजे रोप उन्हाला उत्तर देत नव्हते, स्वतःजवळची कसलीतरी वेळ पाळत होते. अशी वेळ पाळणारे जनुक फळमाशीत सापडायला १९७१ साल उजाडावे लागले. कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनॉप्का आणि सीमोर बेंझर यांनी ते शोधले, आणि ते जनुक नेमके चालते कसे हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या यंत्रणेचे सार असे की पेशी एक प्रथिन तयार करते, ते साचत जाते, पुरेसे साचले की स्वतःच्याच निर्मितीला लगाम घालते, मग हळूहळू विघटित होते आणि लगाम सुटला की पुन्हा तयार होऊ लागते. हे चक्र पुरे व्हायला साधारण एक दिवस लागतो. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असे घड्याळ आहे. यकृतात आहे, हृदयात आहे, त्वचेत आहे. या साऱ्यांना एका तालावर ठेवणारे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या चेता जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असते. सुमारे वीस हजार पेशींचा तो पुंजका तांदळाच्या दाण्याहून मोठा नसतो.

माणसाचे हे घड्याळ मात्र बरोबर चोवीस तासांचे नसते. १९९९ मध्ये हार्वर्डच्या चार्ल्स झाइस्लर यांच्या चमूने काटेकोर मोजमाप करून त्याचा सरासरी फेरा चोवीस तास अकरा मिनिटांचा असल्याचे दाखवले. ही अकरा मिनिटे किरकोळ वाटतात, पण रोजची अकरा म्हणजे महिन्याला साडेपाच तास. म्हणून ते रोज जुळवून घ्यावे लागते आणि ते काम प्रामुख्याने उजेड करतो. दृष्टिपटलात काही पेशी अशा आहेत की त्यांचे मुख्य काम पाहण्याचे नसून उजेड किती आहे याची वर्दी घड्याळापर्यंत पोहोचवण्याचे आहे. त्यांच्यात मेलानॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असते आणि आकाशी निळ्या प्रकाशाने त्या सर्वाधिक चेततात. ज्यांना उजेडाची जाणीव अजिबात होत नाही अशा अनेक दृष्टिहीन व्यक्तींची झोपेची वेळ म्हणूनच रोज थोडी थोडी उशिराकडे सरकत जाते आणि काही आठवड्यांनी पूर्ण प्रदक्षिणा घालून मूळ जागी येते.

इथे डोळ्यांनी केलेली फसवणूक सांगितली पाहिजे. आमच्या दिवाणखान्यात दोन ट्यूबलाइट आहेत आणि घर कसे लख्ख वाटते. पण लक्स या उजेड मोजण्याच्या एककात सांगायचे तर अशा खोलीत शंभर ते तीनशे लक्स उजेड असतो, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर कित्येक हजार लक्स आणि भर उन्हात लाखाच्या घरात. बाहुली आपसूक लहानमोठी होते, म्हणून आपल्याला हा शेकडो पटींचा फरक जाणवत नाही. घड्याळाला तो जाणवतो. बाबांच्या वयाला तर डोळ्यातले भिंग पिवळसर झालेले असते, बाहुली आकसलेली असते आणि निळा प्रकाश नेमका तिथेच अडतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली माणसे आकाश पुन्हा निळे दिसू लागले असे म्हणतात, ते याच कारणाने. बाबांनी अजून ती करून घेतलेली नाही. त्यात उन्हाचा त्रास नको म्हणून मी स्वतः हौसेने शिवून घेतलेले जाड पडदे दिवसभर ओढलेले असत. घड्याळाच्या लेखी बाबा सकाळपासून रात्रीपर्यंत एका लांबलचक कातरवेळेत बसलेले होते.

वयाचा वाटा नाही असे मी म्हणत नाही. गाढ झोप, म्हणजे जिच्यात मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात ती, तिशी-चाळिशीपासूनच घटू लागते आणि सत्तरीनंतर बरीच कमी उरते. रात्र झाल्याची वर्दी शरीराला देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते. आणि सगळे घड्याळच पुढे सरकते, म्हणजे झोपही लवकर येते आणि जागही लवकर येते. पण हे सरकणे बहुधा तास-दीड तासाचे असते. साडेआठला झोपून दोनला उठणे वयाच्या खात्यावर संपूर्णपणे टाकता येत नाही. शिवाय झोप दोन गोष्टींवर ठरते, एक घड्याळ आणि दुसरी साचलेली गरज. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि डोळे जड होतात. झोपेत ते ओसरते. चहा-कॉफीतले कॅफिन त्या द्रव्याची जागा अडवून बसते, थकवा घालवत नाही, फक्त त्याची वर्दी पोहोचू देत नाही. टीव्हीसमोरच्या वीस मिनिटांच्या डुलकीने बाबा दिवसभर जमवलेली शिल्लक ऐन वेळी खर्च करत होते आणि अडीचच्या चहाने उरलेल्या रात्रीवरही पाणी सोडत होते. त्या चहात माझाही अर्धा कप होता, हे कबूल केले पाहिजे.

आता मनाकडे येते. नैराश्यात झोप बिघडते हे सर्वांना माहीत असते. उलट दिशेचा रस्ता तितकाच रहदारीचा आहे, हे माहीत नसते. ज्यांना नैराश्य नाही पण निद्रानाश आहे, अशा लोकांना पुढे नैराश्य येण्याचा धोका चांगली झोप असणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट असल्याचे अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून २०११ मध्ये मांडण्यात आले. ठरल्यापेक्षा दोन-दोन तास आधी जाग येणे आणि सकाळी मन सर्वांत खिन्न असून दिवस चढेल तसे किंचित हलके होणे, ही खिन्नतेच्या एका प्रकाराची जुनी, पाठ्यपुस्तकी लक्षणे आहेत. "सकाळी सगळ्यात वाईट वाटते," हे बाबांचे वाक्य डॉक्टरांनी दोनदा विचारून घेतले होते, त्याचे कारण मला नंतर उमगले.

या संबंधातली सर्वांत चक्रावणारी बाब अशी की तीव्र नैराश्याच्या रुग्णाला देखरेखीखाली एक पूर्ण रात्र जागे ठेवले, तर जवळपास निम्म्या रुग्णांचे मन दुसऱ्या दिवशी स्पष्टपणे उजळते. औषधांना आठवडे लागतात, इथे काही तास पुरतात. आणि पुढची झोप झाली की बहुतेकांचे मन पूर्वपदावर येते. हा घरी करून पाहण्याचा प्रयोग मुळीच नव्हे, कारण द्विध्रुवीय विकारात, म्हणजे ज्यात मन कधी खिन्नतेच्या तर कधी उन्मादाच्या टोकाला जाते त्या आजारात, हेच जागरण माणसाला उन्मादाकडे ढकलू शकते. त्या रुग्णांचे नातेवाईक "दोन रात्री झोपला नाही आणि तरी थकला नाही" हे वाक्य धोक्याची घंटा म्हणून ओळखतात. त्याच विकारावरचे जुने औषध लिथियम हे शरीरातल्या घड्याळाचा फेरा लांबवते, हाही योगायोग वाटत नाही. निरोगी माणसाचेही काही वेगळे नाही. पस्तीस तास जागवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रे दाखवली, तेव्हा मेंदूतल्या भीती आणि रागाशी निगडित अमिग्डाला या भागाची प्रतिक्रिया झोपलेल्या तरुणांपेक्षा साठ टक्क्यांनी अधिक होती. तिमाहीअखेरच्या जागरणांनंतर मी भाजीवाल्याशी कशावरून भांडले होते, ते मला आठवतही नाही.

विसरण्याच्या आजाराशी झोपेचे नाते काय, हा प्रश्न माझ्या वयाची माणसे आईवडिलांसाठी विचारतात आणि मनात स्वतःसाठी. ब्रिटनमधल्या सुमारे आठ हजार सरकारी कर्मचाऱ्यांचा पंचवीस वर्षे मागोवा घेणारा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सात तास झोपणाऱ्यांपेक्षा तीस टक्क्यांनी जास्त आढळला. हे वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. धोका मुळात लहान असतो, त्याचे तीस टक्के म्हणजे नियती नव्हे. आणि मेंदूतले बदल लक्षणांच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होऊन तेच झोप बिघडवत असतील, ही शक्यता अशा निरीक्षणातून पूर्ण वगळता येत नाही. झोपेत मेंदूतला कचरा धुऊन निघतो, हे समाजमाध्यमांवर अगदी सिद्ध सत्यासारखे फिरते. २०१३ मध्ये उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगातून ते आले. २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेने उंदरांवरच केलेल्या मोजमापात झोपेत ही सफाई उलट मंदावलेली दिसली. मोरीचे हे रूपक सुबक आहे, पण वाद अजून मिटलेला नाही.

मला अधिक भावले ते नेदरलँड्समधल्या वृद्धाश्रमांतले काम. तिथल्या बारा निवासांतील १८९ वृद्धांवर, ज्यांतील बहुतेकांना स्मृतिभ्रंश होता, एक प्रयोग झाला. काही निवासांच्या बैठकीच्या खोल्यांत छताला भरपूर दिवे लावून ते दिवसभर चालू ठेवले, इतरांत नेहमीचा उजेड राहू दिला. २००८ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा उजळ खोल्यांतल्या वृद्धांची बौद्धिक घसरण थोडी मंद होती आणि नैराश्याची लक्षणे एकोणीस टक्क्यांनी कमी होती. आजार बरा झाला नाही. पण ज्या गोष्टीला आपण वार्धक्य म्हणून सोडून देतो, तिच्यातला काही भाग छतावरच्या दिव्यांचा होता.

आणि आणखी काही भाग माणसांचा. मदुराईच्या कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात गुहेतल्या वटवाघळांवर काम केले. मिट्ट अंधाऱ्या गुहेत वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले, तर त्याला सूर्योदय-सूर्यास्त कळायचा काही मार्ग नसतो. तरीही भोवतालचा थवा रोज संध्याकाळी बाहेर पडत असेल आणि परतत असेल, तर पिंजऱ्यातल्या वटवाघळाची वेळ थव्याबरोबर राहते. तेच पिंजरा रिकाम्या गुहेत नेला की त्याचे घड्याळ भरकटते. हे वाचताना मी थांबले. आईचा दिवस ठरलेला होता. साडेसहाला दूध, आठला आंघोळीसाठी बाबांच्या मागे लागणे, साडेअकराला पाने घेणे, चारला चहा, सहाला देवापाशी दिवा, साडेनऊला मालिका संपली की निजानीज. बाबांना घड्याळ पाहायची गरजच पडत नसे. पतीपत्नींपैकी एक गेले की दुसऱ्याच्या दिवसाचे खुंटे निखळतात आणि दुःखाइतकीच ही विस्कळीतताही नैराश्याला वाट करून देते, असे मत अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी १९८८ मध्ये मांडले होते. माझ्या घरात मी होते, पण मी तर न्यूयॉर्कच्या वेळेवर जगणारी. गुहेत थवा होता, तो वेगळ्याच खंडाकडे उडत होता.

वही पाहून डॉक्टरांनी सांगितलेले उपाय साधे होते, त्यातला एक मात्र मला उलटा वाटला. ते म्हणाले, सकाळचे फिरणे बंद करा. बाबा पाच वाजता, रस्त्यावरच्या दिव्यांत, मैदानाला फेऱ्या मारत असत आणि आम्ही सारे त्यांचे कौतुक करत असू. (आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, मुंबई-पुण्याकडे सूर्य तिच्याहून अर्धा-पाऊण तास मागे चालतो. हिवाळ्यात सातपर्यंत धड उजाडत नाही.) त्या अंधारात उजेड मिळतच नव्हता, आणि ज्याचे घड्याळ आधीच पुढे गेले आहे, त्याला अगदी सकाळचा उजेड मिळाला तर ते आणखी पुढे ढकलले जाते. संध्याकाळचा उजेड ते मागे ओढतो. म्हणून फिरणे दुपारी साडेचार ते सहा. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. टीव्हीसमोर पेंग आली तर उभे राहायचे. साडेनऊच्या आधी गादीला पाठ टेकायची नाही. रात्री जाग आली तर घड्याळ बघायचे नाही, मोठा दिवा लावायचा नाही, चहा तर नाहीच. जोडीला खिन्नतेसाठी बोलण्याचे उपचारही सुरू झाले, आणि सुधारणेतले कशाचे श्रेय किती, हे वाटून देण्याचा हिशेब मला जमणारा नाही. पडदे मी काढून धुवायला टाकले, ते पुन्हा लावले नाहीत.

पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले. साडेसात ते साडेनऊ हे दोन तास बाबांना अक्षरशः धरून बसवावे लागत. मी कामातून वेळ काढून त्यांच्याशी पत्ते खेळले, ते पेंगत पेंगत हुकुमाचे पान भलतीकडेच टाकत. तिसऱ्या आठवड्यापासून रकान्यातला आकडा हलला. ३.०५. ३.२०. मग एकदम ४.१०. महिन्याभराने मैदानाच्या कट्ट्यावर त्यांच्यासारख्याच पाळ्या केलेल्या दोघा-तिघांची मैफल जमली. एके दिवशी घरी येऊन ते एका पंचाच्या निर्णयावर इतके तावातावाने बोलले की मी काम थांबवून ऐकत बसले. पूर्वीचे सगळे परत आले असे नाही. संध्याकाळी सहाला, आई दिवा लावायची त्या वेळेला, ते अजूनही गप्प होतात. मला स्वतःलाही आता रात्री दोननंतर एकटीनेच स्वयंपाकघर बंद करावे लागते आणि त्या अर्ध्या कपाची आठवण येते.

आषाढात सलग नऊ दिवस झड लागली आणि फिरणे बंद पडले. ढगांतूनही पुरेसा उजेड येतो, म्हणून मी खुर्ची गॅलरीत ओढून दिली. तिथे ते बसले, पण वहीत पुन्हा २.५० आला, २.४० आला, आणि समोरच्या शेऱ्याच्या रकान्यात बाबांनी सुवाच्य अक्षरात फक्त 'पाऊस' असे लिहिले. दहाव्या दिवशीही पाऊस तसाच होता. पावणेपाचला खालून कट्ट्यावरच्या एका काकांची हाक आली, "अहो, येताय ना?" आणि बाबा माझ्या कपाटामागे छत्री शोधू लागले.